पहिलटकर आजोबांसाठी डुक्करशिकार

सहा महिन्यांसाठी मुलाकडं टेक्ससला आलेल्या आजोबांचे पहिले तीन आठवडे मजेत जातात. नासा बघून होतं, देऊळ बघून होतं, कॉस्कोत दोन चकरा होतात, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात "तुम्ही मूळचे कुठले?" हे भेटेल त्याला विचारून होतं. चौथ्या आठवड्यात लक्षात येतं, की ज्याच्यासाठी गुडघ्याला पट्टा बांधून विमानात बसलो, तो पंधरा वर्षांचा नातू आपल्याशी दिवसाला चार शब्द बोलतो. त्यातले दोन "हाय आजोबा" आणि दोन "गुड नाइट". गोष्टी ऐकायचं त्याचं वय सरलेलं. रमी त्याला येत नाही. बुद्धिबळात तो तुम्हाला हरवतो, तेही फोनवरची नजर न काढता.

अशा वेळी मुलाच्या ऑफिसातलं कोणी तरी भेटतं. बहुधा उंच बूट घालणारं आणि पिकअप चालवणारं. ते म्हणतं, "माझ्या रँचवर रानडुकरं माजलीत. नातवाला घेऊन या. एकदा शिकारीला गेलात की पोरगा तुमचाच." टेक्ससमधले कितीतरी आजोबा हेच करत आलेत, मग तुम्ही का मागं राहायचं? खालच्या सूचना पाळा आणि शंका शक्यतो मनातच ठेवा.

१. आधी कागद, मग बंदूक

टेक्ससमध्ये खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीनं रानडुक्कर मारायचं असेल तर २०१९ पासून शिकारीचा परवाना लागत नाही. हंगाम ठरलेला नाही, किती मारायची याला मर्यादा नाही, दिवसा मारा नाही तर रात्री मारा. गावाकडं रानडुक्कर उसात घुसलं, की १९७२ च्या वन्यजीव कायद्याची भीती बाळगत पत्र्याचे डबे बडवणारा तुमचा चुलतभाऊ हे ऐकून रडेल. त्याला फोन करून सांगू नका.

स्वतःही हुरळू नका. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. अमेरिकेचा केंद्रीय कायदा अशा पाहुण्याला बंदूक जवळ बाळगायला मनाई करतो, आणि त्यातून सुटायची सोपी वाट म्हणजे खिशात शिकारीचा वैध परवाना असणं. म्हणजे डुकरासाठी परवाना नको, पण बंदूक धरायला तुम्हाला हवा. तो रीतसर काढा. परक्या राज्यातल्या माणसाला दर जास्त पडतो आणि तुम्ही तर परक्या खंडातले. पैसे मुलाच्या कार्डावर टाका, बोलणी जेवताना ऐका.

एक गोड बातमी आहे. टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या शिकाऱ्याला, काही सवलती सोडल्या तर, शिकारीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्याआधी जन्मलेल्यांना माफी आहे. म्हणजे कॉम्प्युटरवर रात्र-रात्र नेमबाजी करणाऱ्या नातवानं सुरक्षेचे नियम शिकून परीक्षा द्यायची आणि आयुष्यात जत्रेतल्या फुग्यांपलीकडं कशावर छर्रा न झाडलेल्या तुम्ही थेट मैदानात उतरायचं. वयाचा मान राखणारं हे एवढंच सरकारी कलम तुम्हाला अमेरिकेत सापडेल. ज्येष्ठ नागरिकांनी त्याचा लाभ जरूर घ्यावा.

२. जाताना इतिहास सांगा

रँच दोन-अडीच तासांवर असते. गाडीत नातू कानात पांढरी बोंडं घालायच्या आत इतिहास सुरू करा. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो नावाचा स्पॅनिश सेनानी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला, तो सैन्याच्या पोटासाठी डुकरांचा कळप हाकत. काही पळाली, काही पुढं आलेल्या वसाहतवाल्यांनी मोकळी सोडली. मग १९३० च्या दशकात टेक्ससमधल्या काही हौशी जमीनदारांना या गावठी वाणाची शिकार मिळमिळीत वाटली. त्यांनी खास युरोपीय रानडुकरं आणून सोडली. दोन्हींचा संकर झाला. आज एकट्या टेक्ससमध्ये वीस लाखांवर डुकरं आहेत, देशात साठ लाखांच्या घरात, निदान पस्तीस राज्यांत. सरकारी अंदाजानं शेतीचं नुकसान वर्षाला अडीच अब्ज डॉलर.

इथं नातू विचारील, "म्हणजे शिकारीसाठी आणली, ती जास्त झाली, म्हणून आता शिकार करायची?" पोरगं हुशार आहे. त्याला खिडकीबाहेरची गाय दाखवा.

नुकसानीबद्दल मात्र मनापासून बोला, कारण ते खरं आहे. नुकताच मका पेरलेल्या शेतात डुकरांचा कळप शिरला, की तो ओळ धरून चालतो आणि नाकाडानं एकेक दाणा उकरत बांधापर्यंत जातो. सकाळी शेतकरी येतो तेव्हा पेरणीयंत्रानं जेवढी सरळ रेघ मारली होती तेवढीच सरळ चर असते, आत बी नसतं. भुईमूग तर ती मुळासकट साफ करतात. कुरणात खणलेल्या खड्ड्यांत ट्रॅक्टरची चाकं अडकतात, गायीचे पाय मुरगळतात. हे ऐकताना तुमच्या डोळ्यांसमोर कोकणातला किंवा विदर्भातला कुठला तरी बांध येईल. येऊ द्या, पण त्यावर भाषण नको. नातवाला डुकरांविषयी आधीच एक गोष्ट ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आर्कान्सामधल्या एका गृहस्थानं ट्विटरवर कळकळीनं विचारलं होतं, की पोरं अंगणात खेळत असताना तीन-पाच मिनिटांत तीस-पन्नास रानडुकरं आत घुसतात, त्यांना मी कसं मारू? साऱ्या जगातल्या पोरांनी त्यावर विनोद केले. नातू ते तुम्हाला समजावून सांगील आणि तुम्हाला हसू येणार नाही. तरी हसा. ही तुमची पहिली जवळीक.

३. खर्चाला भिऊ नका

डुक्कर स्वतः फुकट आहे. बाकीचं दुकानात मिळतं. दुकान आपल्याकडच्या मंगल कार्यालयाहून मोठं असतं आणि आत भुसा भरलेलं अस्वल उभं असतं. तिथं झाडपाल्याच्या छापाचे कपडे घ्या. डुकराची नजर मुळात अधू असते, रंग त्याला फारसे कळत नाहीत आणि तुम्ही बंद खोपट्यात बसणार आहात. तरी घ्या, फोटोला लागतात. सापांसाठी गुडघ्याएवढे बूट घ्या. घामाचा वास मारणारा फवारा घ्या. कोल्हापुरी चप्पल गाडीतच राहू द्या.

रात्री दिसण्यासाठी उष्णता टिपणारी दुर्बीण बंदुकीवर बसवतात. तीत अंधारातलं जनावर पांढरं शुभ्र चमकतं. चांगल्या दुर्बिणीची किंमत काही हजार डॉलर असते. तिचे रुपये करायचे नाहीत, ही पहिली आणि शेवटची ताकीद. रुपये करणाऱ्या आजोबांना परदेशात कसलाच छंद जडत नाही.

मुलाचा पगार फारच बरा असेल तर हेलिकॉप्टरही आहे. २०११ च्या कायद्यानं टेक्ससमध्ये पैसे भरून हेलिकॉप्टरमधून रानडुकरं मारायची सोय झाली. आमदारांचं समाधान झालं नाही म्हणून २०१७ मध्ये गरम हवेच्या फुग्यातूनही मारायला मोकळीक दिली. फुगा हव्या त्या दिशेला वळवता येत नाही, वर जाताना त्याचा भडका मैलभर ऐकू येतो आणि डुकराचे कान तिखट असतात. तेव्हा बहुधा गोळी न झाडताच खाली उतराल. निसर्गदर्शन म्हणून उत्तम.

४. आंबवलेला मका : कृती

आदल्या आठवड्यात करायला घ्या. ही एक गोष्ट तुम्हाला आणि नातवाला खरंच मिळून करता येते, म्हणून सविस्तर देतो.

झाकणाची मोठी प्लॅस्टिकची बादली घ्या. तीत तीन चतुर्थांश सुका मका घाला. मका बुडून चार बोटं वर येईल इतकं पाणी. मग दोन-तीन बियर ओता, ओंजळभर साखर, चिमूटभर यीस्ट आणि वरून स्ट्रॉबेरीच्या स्वादाची जिलेटिनची पूड. रासबेरीची चालते, पण स्ट्रॉबेरीवर जाणकारांची श्रद्धा जास्त. काठीनं ढवळा. झाकण सैल ठेवून बादली उन्हात ठेवा. टेक्ससच्या उन्हात तिसऱ्या दिवशी फेस येतो, पाचव्या दिवशी बुडबुडे ऐकू येतात आणि सातव्या दिवशी आठवडाभर विसरलेल्या इडलीच्या पिठासारखा वास सुटतो, फक्त त्यात स्ट्रॉबेरी. गॅरेजचं दार बंद ठेवा. सोसायटीच्या कमिटीचं पत्र आलं तर सूनबाईच्या हाती पडण्याआधी उचला.

बियर नातवाला ओतू देऊ नका, कायदा आहे. ढवळायला द्या. ढवळताना तो विचारील, की मक्याचं नुकसान करतात म्हणून डुकरं मारायची, तर त्यांना मका का घालायचा. शिवाय रँचवर पोचलात की तुमच्या यजमानानं झाडीत तिकाटण्यावर टांगलेलं एक पिंप त्याला दिसेल. त्याला घड्याळ लावलेलं असतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला खालची चकती गरगर फिरते आणि चहूकडं मका उधळते. वर्षभर, रोज, शिकारी असोत वा नसोत. डुकरांना ती वेळ पाठ असते. शेजारच्या शेतातला मका पोटभर मिळाला नाही तर इथं हमखास मिळतो, हे त्यांच्या पिल्लांनाही कळतं. नातवाला सांगा की याला आमिष म्हणतात. पोसणं म्हणू नये.

५. खोपट्यात शिरा आणि गप्प बसा

सूर्य मावळायच्या तासभर आधी जागेवर असा. खोपटं म्हणजे चार खांबांवर उभी केलेली पत्र्याची किंवा प्लायवूडची खोली, आत दोन घडीच्या खुर्च्या, समोर वीतभर उंचीची फट. आत शिरण्याआधी गांधीलमाशीचं पोळं बघा. खाली तांबड्या मुंग्यांच्या वारुळात पाय देऊ नका. दिलात तर ओरडू नका.

डुकराला दिसत कमी असलं तरी वास त्याला लांबून येतो. तेव्हा वारा तुमच्याकडून मक्याकडं जात असेल तर घरी जा. नातवानं निघताना अंगावर अर्धा डबा सुगंधी फवारा मारलेला असेल, तर वारा कुठला का असेना, घरी जा. तुमचं वेदनाशामक मलम हाही या बाबतीत राष्ट्रीय धोका आहे. लावायचंच असेल तर मध्यरात्रीनंतर, घरी.

आणि आता मुख्य नियम. बोलायचं नाही. खोकायचं नाही. खुर्ची करकरू द्यायची नाही. आजोबा, तुमची पंचाईत आम्हाला कळते. ज्या पोराशी चार शब्द बोलायला मिळावेत म्हणून हा सगळा घाट घातलात, त्याच्या शेजारी पाच-सहा तास एक अक्षर न काढता बसायचं आहे. नातवाला यात काही वेगळं वाटणार नाही. किंबहुना तुमच्या मुक्कामातला हा त्याच्या आवडीचा पहिला कार्यक्रम ठरेल. धीर धरा. साधारण तासाभरानं तुमच्या खिशातला फोन थरथरेल. फोनचा उजेड एकदम कमी करून, तो टोपीखाली धरून वाचा. दोन फुटांवरून व्हॉट्सअ‍ॅप आलेलं असेल.

"आजोबा तुम्ही ओके?"

"हो. पायाला मुंग्या आल्यात."

"खऱ्या की तसल्या?"

"तसल्या."

"चहा?"

"नको. मग खाली उतरावं लागेल."

यानंतर तो अंधारात हसतोय हे खुर्चीच्या हलण्यावरून कळेल. त्याला दटावू नका. पुढं काय घडेल ते घडो, तुमचा डॉलरमधला बराचसा खर्च इथं वसूल झालेला आहे. पहिलटकरांनी इथंच सामान आवरून परतलं तरी हरकत नाही. पण यजमान वाट बघत असतो, म्हणून पुढची कलमं.

६. नेम

कळप बहुतेक वेळा बायकांचा असतो. एक पोक्त डुकरीण, तिच्या लेकी आणि सगळ्यांची मिळून पिल्लं. मोठे नर एकटे फिरतात आणि घरी उपयोगाचे नसतात. सगळ्यात आधी ती पोक्त बाई झाडीच्या कडेला येऊन थांबेल. नाक वर करील, थांबेल, परत नाक वर करील. मागं पोरंटोरं चिडीचूप. तीही आपल्या नातवंडांना काही शिकवायलाच घेऊन आली आहे आणि तिची नातवंडं ऐकतात. हेवा करू नका. तिला मराठी शाळेपुढं इंग्रजी शाळेचा प्रश्न नव्हता.

नेम कुणावर धरायचा हे यजमानानं नातवाला आधीच सांगून ठेवलेलं असेल. तुम्ही फक्त नातवाच्या खांद्यामागं, शांत, त्याच्या श्वासाकडं लक्ष देऊन बसा. बंदुकीची नळी कुठं आहे, पलीकडं काय आहे, बोट चापावर कधी जायचं, हे त्याला त्या परीक्षेमुळं तुमच्यापेक्षा नीट माहीत आहे. कानांवर मफ चढवा. पूर्ण वाढलेल्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातड्याची ढालच असते, म्हणून खांद्यावर मारलेला नर कधी कधी तसाच निघून जातो आणि मग कंदील घेऊन त्याला काटेरी झाडीत कुणी शोधायचं हा प्रश्न येतो. उत्तर : तुम्ही नाही. तुमचा गुडघा आहे.

गोळी सुटली, एक पडलं, बाकीची पंचवीस-तीस चौफेर उधळली. यजमान येऊन पाठ थोपटील. आता हिशेब करायचा मोह टाळा. जाणकार सांगतात, की एखाद्या भागातली डुकरांची संख्या आहे तिथंच ठेवायची झाली तरी दर वर्षी सत्तर टक्क्यांच्या आसपास कमी करावी लागतात. तीसातली एकवीस. तुम्ही एक मारलंत. उरलेली त्या रात्री शेजाऱ्याच्या रानात मुक्कामाला गेली, पुढच्या आठवड्यात त्याच्या शेजाऱ्याच्या, आणि पोक्त डुकरिणीनं सगळ्यांना बजावून ठेवलं, की स्ट्रॉबेरीचा वास आला की सांभाळून. तुम्ही आज रात्री एक शिकारी तयार करायला आलात आणि डुकरांच्या शाळेचा एक वर्ग घेऊन निघालात.

७. फोटो

शिकारीतली सगळ्यात जुनी विद्या हीच. डुक्कर पुढं ठेवा, नातवाला त्याच्या मागं पाच-सहा फुटांवर बसवा, कॅमेरा जमिनीलगत धरा. साठ किलोचं जनावर बैलाएवढं दिसतं. रक्त पुसून घ्या, देशातले नातेवाईक बघणार आहेत.

या विद्येला मोठी परंपरा आहे. २००४ मध्ये जॉर्जिया राज्यात एक डुक्कर मारलं गेलं. बारा फूट लांब, हजार पौंड वजन, असा गाजावाजा झाला. त्याला नाव पडलं हॉगझिला. पुढच्या वर्षी नॅशनल जिऑग्राफिकच्या तज्ज्ञांनी ते उकरून काढलं आणि मोजलं, तेव्हा ते सुमारे आठ फूट आणि आठशे पौंडांच्या आसपास भरलं. पुरलेल्या डुकराचीही वजनतपासणी होते, हे ध्यानात ठेवून फोटोखालचा मजकूर लिहा.

त्याहून बोधप्रद प्रकरण २००७ चं, अलाबामाचं. अकरा वर्षांच्या एका मुलानं भल्या मोठ्या रिव्हॉल्व्हरनं एक हजार एक्कावन्न पौंडांचं, म्हणजे पावणेपाचशे किलोंवरचं, रानडुक्कर मारल्याची बातमी जगभर गेली. तीन तास पाठलाग. फोटोत मुलगा मागं, डुक्कर पुढं, मोटारीएवढं. लोक मुलाच्या शौर्यानं भारावले. मग कळलं, की ते रानडुक्कर रानातलं नव्हतंच. ते एका जोडप्यानं घरच्या फार्मवर वाढवलेलं होतं, नवऱ्यानं बायकोला नाताळची भेट म्हणून दिलेलं. त्याचं नाव होतं फ्रेड. शिकारीच्या चारच दिवस आधी ते कुंपण घातलेल्या शिकारखान्याला विकलं होतं. मुलाला आणि त्याच्या वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. फ्रेडलाही नव्हतं. तीन तास तो पळत होता की ओळखीचं कुणी भेटतंय का बघत फिरत होता, हे कुणी विचारलं नाही.

म्हणून यजमानाला विनयानं विचारून ठेवा, की या डुकराला काही नाव होतं का.

८. मांसाचं काय करायचं

हातमोजे. याला विनोद नाही. रानडुकरांत ब्रुसेलोसिस असतो, लेप्टोस्पायरोसिस असतो, मांसात कृमी असू शकतात. सोलताना, आतडी काढताना हातमोजे चढवा, जखम उघडी ठेवू नका आणि मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस होईतो शिजवा. नातवाला हे सगळं नीट बघू द्या. सुरी लागते तिथं वाफ येते, वास येतो, आणि मघाशी जे पडद्यावर पांढरं चमकत होतं ते आता काळं, ओलं, केसाळ आणि जड असतं. बंदूक पेलणाऱ्या कित्येक पोरांना याच घटकेला अचानक आठवतं, की आपल्या आजीच्या बाजूचं घराणं शाकाहारी आहे.

तुमच्या घराण्याचंही बघा. वारकरी असाल, माळ असेल, तर हे कलम सोडून पुढं जा आणि चातुर्मास चालू नाही ना एवढं तपासा. कोल्हापूर-सांगलीकडचे असाल तर कांदा-लसूण मसाला बॅगेत असेलच, त्यापुढं कुठल्याच जनावराचा इलाज चालत नाही. मूळचे गोव्याचे असाल तर सोरपोतेल करायला घ्या आणि दोन दिवस मुरू द्या. मोठ्या नराचं मांस मात्र उग्र वास मारतं, ते कुणाच्याच हाती लागू देऊ नका. रँचवर बहुतेकदा ते तसंच सोडून देतात आणि सकाळी गिधाडं येतात. "मग आपण आलो कशाला?" असा प्रश्न इथंही येईल. आता तुम्हाला सवय झाली असेल.

सूनबाईच्या फ्रिजमध्ये पिशवी ठेवायची असेल तर वर नाव लिहा. "आजोबा" लिहू नका.

९. परतीच्या वाटेवर विचारले जाणारे प्रश्न

नातू फोन काढून वाचायला लागलेला असतो, हे या पिढीचं वैगुण्य. तो तुम्हाला विचारील, की टेनेसी राज्यानं १९९९ मध्ये रानडुकरांची शिकार राज्यभर खुली केली, तेव्हा डुकरं काही मोजक्या जिल्ह्यांत होती, आणि २०११ मध्ये ती मोकळीक बंद केली तेव्हा राज्याच्या बहुतेक भागांत पसरलेली होती, हे कसं? उत्तर असं, की ज्यांना शिकारीची चटक लागली त्यांनी आपल्या गावालगत शिकार मिळावी म्हणून डुकरं गाडीत घालून नेऊन सोडली. हे उत्तर देऊ नका. मग तो विचारील, की मिसुरीनं २०१६ मध्ये आपल्या वनखात्याच्या जमिनीवर डुकरांच्या शिकारीला बंदी का घातली. उत्तर असं, की एक मारलं की उरलेला कळप फुटतो आणि खात्यानं लावलेले सापळे वाया जातात. हेही देऊ नका. कॅन्ससनं २००६ मध्येच हौशी शिकारीवर बंदी आणली, असं तो आपणहून सांगील. बाहेर गाय दिसते का बघा.

रात्र असेल, गाय दिसणार नाही. मग तो सापळ्याबद्दल बोलेल. मोठं गोल कुंपण, आत मका, वर कॅमेरा. काही रात्री अख्खा कळप निवांत जेवू देतात. शेवटचं पिल्लू आत आलं, की मोबाईलवर बटन दाबायचं आणि दार धाडकन पडतं. पोक्त डुकरिणीसकट सगळी आत. घरून, अंथरुणातून. ज्याला शेत वाचवायचं असतं तो हेच करतो. "आजोबा, हे तर मी करू शकतो," नातू म्हणेल.

करू शकतो. या घरात फोनवरून नजर न काढता बसायचा एवढा सराव दुसऱ्या कुणालाच नाही. पण यजमानाकडं विषय काढू नका. तो शनिवार-रविवारी बाहेरच्या शिकाऱ्यांकडून माणशी पैसे घेतो. डुकरं खरंच संपली तर तो मक्याच्या पिंपाचं काय करील? टेक्ससमध्ये तर पकडलेले नर मान्यता घेतलेल्या शिकारखान्यात नेऊन सोडायचीही रीतसर तरतूद आहे, म्हणजे पैसे भरून आलेल्याला हात हलवत परत जावं लागू नये. कीड म्हटल्या जाणाऱ्या दुसऱ्या कुठल्याच जिवाची एवढी काळजी कुणी घेत नाही. बोंडअळी हे ऐकून हळहळेल.

१०. यश कसं मोजाल

डुकरांवरून मोजू नका. सोमवारी नाश्त्याला नातू "हाय आजोबा" याच्यापुढं काय बोलतो ते बघा. "आजोबा, पाय?" असं विचारलं तर मोहीम फत्ते. मग पुढच्या शनिवारी त्याला दुसरीकडं कुठं, मासे धरायला किंवा नुसतं गाडीतून भटकायला नेलं आणि वाटेत गप्प बसलात, तरी तेवढंच फळ मिळतं. खर्च कमी येतो आणि हातमोजे लागत नाहीत. अर्थात त्यात फोटो नाही.

तरीही पुढच्या वर्षी डुक्करच हवं असेल तर काळजीचं कारण नाही. तुमचा मुक्काम सहा महिन्यांचा आणि डुकरिणीचा गर्भकाळ ११५ दिवसांचा. एका वेळी पाच-सहा पिल्लं होतात आणि त्यांतल्या माद्या वर्षाच्या आतच विण्याजोग्या होतात. तिकीट काढण्याआधी यजमानाला फोन करून "डुकरं आहेत ना?" असं विचारत बसू नका. आहेत.